पोरगं अंगानं दांडगं आहे, मग कोच त्याला मागं का खेळवतोय?

पोरात एवढा दम आहे आणि कोच त्याला वाया घालवतोय, असं म्हणत दर सीझनला माझ्याकडं कुणीतरी आईबाप येतातच, म्हणून ही एक केस सांगते, ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही.

पोरगा १४ चा, शाळेच्या हॉकी टीमचा फॉरवर्ड. बॉल मिळाला की मान खाली घालून सरळ डीपर्यंत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलापर्यंत पळायचं आणि हाणायचं, मागनं कोण पोचायचंच नाही. आपलं कोल्हापूर फुटबॉलवेडं, त्यात हॉकीत असं पोर निघालं म्हटल्यावर घरच्यांच्या आशा किती असतील बघा. वडिलांच्या खिशात डायरी, तारीखवार गोल लिहिलेले. दोन महिन्यांपासून कोचनं हाफला, म्हणजे फॉरवर्डच्या मागच्या जागेवर टाकलेलं आणि तेव्हापासून सकाळी ग्राउंडला जायचं म्हटलं की पोटात दुखायचं. डॉक्टर झाले, काही निघालं नाही. वडील म्हणाले, "मॅडम, वाघाला बांधून घालालाय वो हा माणूस."

पोराला एकट्याला बसवून म्हटलं, कालची मॅच सांग. त्यानं सांगितली, पण स्वतःकडं बॉल होता तेवढीच. उजवीकडं कोण मोकळं होतं, बॉल गेल्यावर हा कुठं उभा होता, काही आठवेना. मग बुटाची लेस सोडत-बांधत बसला आणि हळूच म्हणाला, "आमच्यातली बारकी पोरं आता माझ्याएवढी व्हायला लागल्यात."

पोटात दुखत होतं ते हे.

मुलांची उंची झपाट्यानं वाढायचं वय साधारण १३-१४, पण कुणाचं वर्ष-दोन वर्षं आधी येतं, कुणाचं उशिरा. ज्याचं आधी आलं तो काही काळ नुसत्या अंगावर जिंकतो आणि जिंकतोय म्हणून बॉल नीट अडवणं, मान वर करून बघणं, टॅकल, हे शिकायची त्याला गरजच पडत नाही. हॉकीत स्टिकच्या सपाट बाजूनंच खेळायचं, त्यामुळं डावीकडचा बॉल घ्यायला स्टिक उलटी फिरवावी लागते, ते रिव्हर्स या पोराचं कच्चंच राहिलेलं. हाफला मात्र यातलं काहीच टाळता येत नाही.

वडील जुने तालमीतले. विचारलं, तुम्ही दांडगे होता तेव्हा वस्तादांनी काय केलं? थोडं थांबून म्हणाले, "माझ्यापेक्षा जड गडी जोडीला द्यायचे. ताकद चालंना म्हटल्यावर ढाक डाव शिकलो." मी म्हटलं, कोच तेच करतोय का ते तरी विचारून या, पण पोरासमोर नको आणि भांडायला नको. किती दिवस हाफला ठेवणार आणि त्यात काय शिकवणार, एवढंच विचारायचं. उत्तर तयार असलं तर विश्वास टाकायचा, नुसतं 'बघू' आलं तर तुमची काळजी खरी. इथं उत्तर तयार होतं, वर भिंतीवर टेनिस बॉल मारून रोज रिव्हर्सचा सराव पण दिला.

घरात मी एकच बदल सांगितला. डायरी कपाटात, आणि गाडीवरनं घरी येताना गोल किती विचारायचं नाही, आज मोकळं कोण दिसलं ते विचारायचं. वडिलांना हे लई जड गेलं, पण केलं त्यांनी.

तीन महिने झाले. पोटदुखी थांबली. टीम मागं पडली की अजून मान खाली घालून पळतो. परवा मात्र मॅच सांगताना म्हणाला, "उजवीकडं आमचा बारका एकटाच होता, त्याला रिव्हर्सनं दिला." गोल झाला का विचारलं.

"न्हाई, पोस्टला लागला. पण मी लगेच मागं आलो वो, त्यांचा सेंटर मोकळा होता."