ऑर्डर तिप्पट झाली, पैसा कुठून फिरवशील?

सप्रेम आशीर्वाद.

तुझा प्रश्न सरळ होता. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली, तुझ्याकडून पॅनल बॉक्स घेणारी मोठी पार्टी महिन्याचं काम ८ लाखांवरून २४ लाखांवर न्यायला तयार आहे, घेऊ का? फोनवर मी लगेच "घे" म्हणालो नाही, तेव्हा तू हिरमुसलीस. लिहून पाठवतोय, कारण यात हिशोब आहे आणि फोनवरचा हिशोब डोक्यात राहत नाही.

तुझेच आकडे घेऊ. पॅनल बॉक्सच्या १०० रुपयांच्या बिलात ६० पत्र्याच्या शीटचे, २० लेझर कटिंग, पावडर कोटिंग आणि मजुरीचे, ८ भाडं, वीज, टेम्पोचे. उरतात १२. वाईट नाही. आता पैसा जातो कधी आणि येतो कधी ते बघ. शीटवाला १५ दिवस उधारी देतो. माल कापून, वाकवून, रंगवून शेडबाहेर पडायला २० दिवस. बिल लागलं की पार्टी ९० दिवसांनी पैसे सोडते, तेही त्यांच्या क्वालिटीवाल्याने काही खोट काढली नाही तर. म्हणजे तुझा रुपया तीन महिन्यांहून जास्त बाहेर फिरतो. १६ लाखांचं जादा काम म्हणजे महिन्याला १४ लाखांचा जादा खर्च. तीन महिन्यांचे झाले ४२ लाख. त्या जादा कामातला नफा महिन्याला दोन लाखसुद्धा नाही. नफ्यातूनच हा खड्डा बुजवायचा म्हटलं तर पावणेदोन वर्षं जातील. कारागिरांचे पगार तेवढे थांबणार नाहीत. वर जीएसटी आहेच. पार्टीने पैसे दिलेले असोत वा नसोत, बिल फाडलं की इनपुट, म्हणजे खरेदीवर आधीच दिलेला कर, वजा जाता उरलेला कर पुढच्या महिन्यात भरावा लागतो.

सातपूरला आमच्या गल्लीत शेड बंद पडताना पाहिल्यात. त्यातल्या कित्येकांचा ताळेबंद नफा दाखवत होता. खात्यात पैसे नव्हते, एवढंच.

म्हणून ऑर्डर सोडू नकोस, पण अटी बदलून माग. पहिली मागणी: शीट पार्टीची, लेबर आपलं. बिल लहान दिसेल, मित्रांना सांगायला टर्नओव्हर कमी वाटेल, पण १०० मधले ६० तुझ्या डोक्यावरून उतरतील. परचेसवाले याला बऱ्याचदा तयार होतात, कारण शीटचा भाव त्यांना तुझ्यापेक्षा स्वस्त पडतो. ते नाही म्हणाले तर ३० दिवसांत पेमेंटच्या बदल्यात दोन टक्के सोड. ६० दिवस आधी पैसे मिळवायला दोन टक्के म्हणजे वर्षाला १२ टक्के पडले. सीसीच्या, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटच्या, व्याजाच्या आसपास, आणि त्यासाठी बँकेला काही गहाण द्यावं लागत नाही. तेही जमलं नाही तर पहिली तिमाही १२ लाखांवर थांब. पार्टी वेळेवर पैसे देते का ते दिसू दे, मग पुढचा लॉट.

कायदा तुझ्या बाजूने आहे, तो नीट माहीत करून घे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्यात १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद लागू झाली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर पार्टीला त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही. तेव्हा उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी असलेली नोंद, आजच तपास आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छाप. मात्र थकलेल्या पैशांसाठी या कायद्याखालच्या कौन्सिलकडे तक्रार करणं हे शेवटचं हत्यार. ते उपसलंस की त्या गेटमधून पुढची पीओ (खरेदीची ऑर्डर) येईल अशी आशा धरू नकोस. त्यापेक्षा पार्टी ट्रेड्सवर, म्हणजे छोट्या उद्योगांची बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर, आहे का ते विचार. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. पार्टीने तिथे तुझं बिल मान्य केलं की ते वटवून थोड्या दिवसांत पैसे हातात येतात, आणि नंतर पार्टीने बुडवलं तरी वसुली तुझ्याकडून होत नाही.

बँकेचा माणूस तुला तारणाशिवाय कर्जाचं सांगेल. सीजीटीएमएसई या सरकारी योजनेची हमी १० कोटींपर्यंत मिळते, खरं आहे. पण ती हमी बँकेला असते. हप्ता थकला तर देणं तुझंच. इन्व्हेस्टर शोध म्हणणारेही भेटतील. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत परदेशी गुंतवणूकदारांचे ३१० कोटी आले ते २०२२ मध्ये, कंपनी उभी राहून दहा वर्षं उलटल्यावर. तुझ्या आजच्या दुखण्यावर तो उपाय नाही.

आता सल्ल्याबद्दल. तू सगळं मलाच विचारतेस, ते बरं नाही. मी जुन्या वळणाचा माणूस, कर्ज म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो; माझा सल्ला ऐकताना एवढी सूट धरून चाल. कराचं सीएला विचार, पण वाढायचं की नाही हे त्याला विचारू नकोस, त्याला फक्त झालेलं वर्ष दिसतं. मशिन विकणारा तर कायम "घ्या" म्हणणार. नाशिकमध्ये मोठ्या कारखान्यांच्या परचेसमधून निवृत्त झालेली माणसं पुष्कळ आहेत. त्यातलं एखादं गाठ. व्हेंडरला कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं हे त्यांनी टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं असतं. निमा, आयमा या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यक्रमांना जातेस ना? पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांसोबत फोटो काढण्यापेक्षा तुझ्याहून दोन पावलं पुढे असलेला फॅब्रिकेशनवाला शोध. तीन वर्षांपूर्वी तो तुझ्याच जागी होता, त्याला सगळं ताजं आठवत असेल.

आणि कोणाकडेही जाताना "धंदा कसा वाढवू?" असं विचारू नकोस. त्याचं उत्तर भाषणच येतं. कोणाकडे किती दिवसांची येणी आहेत ती यादी पुढ्यात ठेव आणि एकच प्रश्न विचार: ही पार्टी ९० वरून ६० दिवसांवर आणायची तर मी काय बोलू?

घरातला एक माणूस मात्र तू विसरतेस. तुझे वडील. त्यांना जीएसटी कळत नाही म्हणून तू त्यांना धंद्यातलं सांगत नाहीस. पिंपळगावच्या पट्ट्यात इतकी वर्षं द्राक्षं लावणाऱ्या माणसाने बागेवर येऊन भाव वाढवून बोलणारे, पहिल्या दोन गाड्यांचे रोख मोजून तिसऱ्या गाडीनंतर फोन बंद करणारे व्यापारी पाहिलेले असतात. उधारी कोणाला द्यायची, हे ते समोरच्याच्या बोलण्यावरून ओळखतात. त्या परचेस मॅनेजरला भेटायला जाशील तेव्हा त्यांना सोबत घेऊन जा. काही बोलू नका म्हणावं, नुसते बसा. बाहेर आल्यावर काय वाटलं ते विचार.

पीओचा मसुदा आला असेल तर त्यातलं पेमेंट टर्म्सचं पान मला व्हॉट्सॲपवर टाक. ९० दिवस बिलाच्या तारखेपासून धरलेत की माल पास झाल्याच्या तारखेपासून, ते आधी बघायचंय. सही त्यानंतर कर.