दुधातून नको

पत्र

ताई, माझा मुलगा पावणेआठ वर्षांचा, तिसरीत आहे. डिसेंबरचा जन्म. शाळेतून आठवड्याला एक तरी चिठ्ठी येते. जागेवर बसत नाही, फळ्यावरचं अर्धंच उतरवतो, रांगेत ढकलाढकली करतो. वर्षभरात दोनदा टाके पडले. एकदा जिन्याच्या कठड्यावरून उडी मारली, एकदा रस्ता न बघता पळाला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आम्ही आणि बाईंनी भरलेले फॉर्म बघून एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, असं सांगितलं आणि मिथाइलफेनिडेटची सकाळी एक गोळी लिहून दिली. मेडिकलमधला पोरगा म्हणाला, "वहिनी, नशेची गोळी आहे ही, जपून." यांना औषध अजिबात नको आहे. "मी पण असाच होतो, माझं काय बिघडलं?" म्हणतात. थोरले भाऊजी छत्तिसाव्या वर्षी झोपेतच गेले, तेव्हापासून यांना दवाखान्याचं नावसुद्धा चालत नाही. कोल्हापूरलाही मी एकटीच गेले होते. सासूबाई म्हणतात, कुणाला सांगू नको, पूड करून दुधातून दे, ताकदीची आहे म्हण. गोळ्यांची पट्टी पोह्यांच्या डब्यामागे लपवलीय. अठरा दिवस झाले. दोनदा हातात घेतली आणि परत ठेवली. परवा पोरगा म्हणाला, "आई, मी मुद्दाम नाही करत, ते होऊन जातं." यांना न सांगता देऊ का? मला अगं-तुगंच करा.
कराडची एक आई

उत्तर

अगं, उद्या सकाळी ती गोळी देऊ नकोस.

गोळी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही, ते पुढे येईलच. पण तुझ्या पत्रात भाऊजींचं एक वाक्य आहे. नवऱ्याचा स्वभाव समजावा म्हणून तू ते लिहिलंस, आणि मी मात्र तिथेच थांबले. छत्तिसाव्या वर्षी, झोपेत. हे डॉक्टरांना सांगितलंस का? मला वाटतं, नाही. "घरात कुणाला हृदयाचा त्रास?" असं त्यांनी विचारलं असेल आणि तू नाही म्हणाली असशील, कारण हार्ट अटॅक आपल्या डोक्यात म्हाताऱ्यांचा असतो आणि दीर तर धडधाकट होते. मिथाइलफेनिडेटने नाडी आणि रक्तदाब थोडा वाढतो. बहुतेक मुलांना त्याने काही होत नाही. पण घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते पहिल्या गोळीच्या आधी डॉक्टरांना कळायला हवं. ते ईसीजी काढतील, गरज वाटली तर हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवतील. बाकी प्रश्न तुझ्या नवऱ्याला विचारावे लागतील. भावाला कधी चक्कर यायची का, पळताना छातीत दुखायचं का, शवविच्छेदन झालं होतं का. हे त्याला आणि सासूबाईंनाच ठाऊक. तेव्हा "यांना न सांगता देऊ का" याचं उत्तर नाही असं आहे. बायकोने नवऱ्याला विचारूनच सगळं करावं असल्या मताची मी नाही, माझ्या घरी विचार. इथे माहिती त्याच्याकडे आहे, म्हणून.

दुसरं, ती पूड. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी बहुधा हळूहळू विरघळणारी असते, आठ-बारा तास पुरावी अशी बनवलेली. ती कुटली की दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो. सासूबाईंच्या पिढीने सगळ्या पोरांना सगळ्या गोळ्या चमच्यात चुरडून मधातून दिल्या, त्यांचा दोष नाही. पण ही तशी नव्हे.

आणि "ताकदीची" म्हणूही नकोस. "मी मुद्दाम नाही करत, ते होऊन जातं" असं स्वतःहून सांगणाऱ्या पोराशी खोटं का बोलायचं? आपल्याला जे होतं त्याचं याहून नेमकं वर्णन मोठ्यांनाही करता येत नाही. त्याला सांगता येईल की थांबायला मदत करणारी गोळी आहे, आवडली नाही, पोटात दुखलं, कसंतरी वाटलं तर लगेच सांगायचं. नजरेला चष्मा तशी ही गोळी, ही उपमा सगळेच देतात. मला ती फारशी आवडत नाही, कारण चष्मा लावला की कुणी भूक मरते म्हणत नाही.

आता मेडिकलवाला. तो अगदीच चुकला नाही. हे औषध १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यातल्या मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या यादीत आहे. म्हणून प्रत्येक दुकानात ते मिळत नाही आणि चिठ्ठीशिवाय देत नाहीत. मोठी मुलं परीक्षेच्या रात्री जागायला त्याचा गैरवापर करतात, तेही खरं. पण डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसात तोंडाने गोळी घेणारी मुलं पुढे जाऊन व्यसनी होतात, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि पोरगं गुंगीत राहील ही जी भीती असते, ती तर उलटी आहे. हे उत्तेजक आहे. १९३७ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या मुलांच्या रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरांनी डोकेदुखी थांबावी म्हणून मुलांना बेंझेड्रिन हे दुसरं एक उत्तेजक दिलं. डोकेदुखीत फारसा फरक पडला नाही, पण बरीच मुलं वर्गात बसून गणितं सोडवायला लागली. मुलांनीच तिला गणिताची गोळी म्हणायला सुरुवात केली. पोरगं बाहुलीसारखं गपगार बसून राहिलं, तर औषध "लागू पडलं" असं समजू नकोस. डोस जास्त होतोय, डॉक्टरांना फोन कर.

डिसेंबरबद्दल तू ओझरतं लिहिलंस. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशाचं वय ३१ डिसेंबरला धरतात, म्हणजे तुझा मुलगा वर्गातला धाकटा. शेजारच्या बाकावरचा जानेवारीतला मुलगा त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असू शकतो, आणि सात-आठ वर्षांच्या पोरांत एक वर्ष म्हणजे डोंगर. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात नऊ लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या. तिथेही वर्षाची सीमा डिसेंबरअखेरच. डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीतल्यांपेक्षा एडीएचडीचा शिक्का ३० टक्के जास्त बसत होता आणि औषध ४१ टक्के जास्त मिळत होतं. २०१२ चा अभ्यास आहे. म्हणून डॉक्टरांना विचार, बाईंचा फॉर्म वाचताना त्याचं वय धरलं होतं का. तो रात्री घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, कान-डोळे तपासले का, हिमोग्लोबिन किती, हेही त्याच खेपेत. घोरून झोप मोडणारं पोरगं दिवसा असंच माकडासारखं वागतं. फळ्यावरचं अर्धंच का उतरवतो, त्यामागे लिहिण्या-वाचण्याची वेगळी अडचण आहे का, तेही बघायला हवं. गोळीने अक्षर सुधारत नाही आणि पाढे तर नाहीच नाही.

पण टाके जन्मतारीख बघून पडत नाहीत. शाळेत होतं, जिन्यात होतं, रस्त्यावर होतं, आणि त्याचं त्यालाही नकोसं झालंय. तेव्हा माझं मत असं की ईसीजी वगैरे बघून डॉक्टर पुन्हा हो म्हणाले, तर महिनाभर देऊन पाहा. सहा वर्षांच्या आतलं पोर असतं तर म्हटलं असतं, आधी आईबापांनी वागण्याच्या पद्धती शिकून घ्याव्यात, गोळी नंतर. पावणेआठला दोन्ही एकत्र चालू शकतं. "एकदा सुरू केली की जन्मभर" हे ज्याने कुणी तुला सांगितलं असेल त्याचं ऐकू नकोस. ही गोळी तासाभरात काम करू लागते आणि रात्रीपर्यंत बहुतेक उतरलेली असते. दहातल्या साधारण सात मुलांना उपयोग होतो. तुझा त्या सातांत आहे की तिघांत, हे दिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

यापलीकडे मोठी आशा बांधू नकोस. १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ५७९ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चौदा महिन्यांनी बघितलं तेव्हा नीट देखरेखीखाली औषध घेणारी मुलं फक्त वर्तनोपचार, म्हणजे गोळीशिवाय वागण्याच्या सवयी बदलायचं शिक्षण, घेणाऱ्यांपेक्षा पुढे होती. तीन वर्षांनी बघितलं तेव्हा गटागटांतला फरक पुसला गेला होता. गोळी आजचा दिवस सावरते. त्या सावरलेल्या दिवसात तुम्ही काय करता, त्यावर पुढचं.

मी २९ वर्षं प्राथमिक शाळेत काढली. माझ्या वर्गात असाच एक होता. त्याला मी दाराबाहेर उभं करायची, आठवड्यातून तीन-चारदा तरी. एडीएचडी हा शब्द मी तेव्हा ऐकलेला नव्हता. एकदा तास संपल्यावर त्याला आत घेतलं तर म्हणाला, "बाई, व्हरांड्यात एकशे बेचाळीस फरश्या आहेत, त्यातल्या सात फुटक्या." मी त्याला गप्प बस म्हणाले. नंतर एका सुट्टीत जाऊन मोजल्या. बरोबर होत्या. तो अजून बाजारात भेटतो, वाकून नमस्कार करतो आणि मला कानकोंडं होतं. तुझ्या नवऱ्याचं "मी पण असाच होतो" वाचलं आणि तोच आठवला. जुळ्यांवरच्या अभ्यासांत एडीएचडीचा आनुवंशिक वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघतो, तेव्हा तुझा नवरा म्हणतो ते खरं असू शकतं. त्याच्याशी वाद घालू नकोस. "काय बिघडलं" याचं उत्तरही तू देऊ नकोस. कधीतरी निवांत विचार, तुला वर्गात काय वाटायचं रे? आणि ऐकून घे. भावाचा विषय मात्र तूच काढ, गोळीच्या आधी. दवाखान्याची भीती ज्या माणसाला भावाच्या मरणातून आली, त्याला "भावाचं कळावं म्हणूनच तू चल" असं सांगितलं तर तो येईल असं मला वाटतं. त्याचाही ईसीजी त्याच दिवशी होऊन जाऊ दे.

आला तर त्याला परीक्षक कर. औषधावर विश्वास नाही ना, मग त्यानेच बघावं. वहीत रोज तीन गोष्टी लिहायच्या: जेवायला किती वेळ टेकला, किती वेळा हाक मारावी लागली, झोप किती वाजता लागली. आठवडाभर गोळी न देता, मग देऊन. पहिली गोळी रविवारी, तुम्ही दोघं घरी असताना. बाईंनी आधी भरलेला फॉर्म महिन्याने त्यांच्याकडून पुन्हा भरून घ्या. बाईंना गोळीचं सांगायचं का, हे त्या कशा आहेत त्यावर. चाळीस पोरांसमोर "आज गोळी घेतली नाहीस का रे?" म्हणणारं माणूस असेल तर सांगू नकोस. सकाळच्या एकाच गोळीचा हाच फायदा, दप्तरात काही जात नाही.

भूक मरते, ते खरं. म्हणून गोळी आधी नाही, पोटभर न्याहारी आधी. दुपारचा डबा जसाच्या तसा परत येईल, त्यावरून त्याला रागावू नकोस. संध्याकाळी सहा-सातला गोळी उतरली की तो खाय-खाय करेल आणि तासभर चिडचिडाही असेल. तेव्हा ताटात वरणभात, वर तुपाची धार, शेंगदाण्याचा लाडू, थालीपीठ, जे मागेल ते. जेवणाची वेळ गेली म्हणून नाही म्हणायचं नाही. वजन तीन महिन्यांनी, उंची सहा महिन्यांनी, दाराच्या चौकटीला पेन्सिलीने खूण कर. वर्षानुवर्षं घेतली तर उंचीत एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. नाडी आणि रक्तदाब प्रत्येक खेपेला. झोप लांबली, डोळे सारखे मिचकावायला लागला किंवा पळताना छातीत दुखतं म्हणाला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस.

साखर बंद करण्याने काही होत नाही. ब्राह्मीच्या तुपाचं शेजारणीला विचार, मला नको.

"दप्तर आवर, हात धू, कपडे बदल" ही तुला एक सूचना वाटते, त्याला त्या तीन आहेत आणि तिसरीच ऐकू येते. जवळ जा, खांद्यावर हात ठेव, एकच सांग. ते झालं की दुसरं. हे कुणी शिकवायला हवं असेल आणि कोल्हापूरची फेरी परवडत नसेल, तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात डीईआयसी केंद्राची (मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं केंद्र) चौकशी कर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतची मुलं येतात आणि त्यांच्या यादीत एडीएचडी आहे. मन फारच भरून आलं तर १४४१६ ला फोन लाव. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा आहे, मराठीत बोलता येतं.

आणि ती पट्टी पोह्यांच्या डब्यामागून आजच काढ, कपाटात कुलपात ठेव, गोळ्या मोजून. शाळेतून आली की पोरं आधी कुठला डबा उघडतात ते मी तुला सांगायला नको.