रोडकिंगचं जुनं इंजिन गरम झालं की बंद पडतं, काय तपासावं?

भाऊ, कार्बुरेटर आता खोलू नका. तीनदा धुतला, जेट बदलले, फरक नाही, असं तुम्हीच लिहिलंय. भंगारातून आणलेलं येझदी रोडकिंगचं इंजिन थंड असताना दोन किकमध्ये चालू होतं, दहा-बारा किलोमीटरवर बंद पडतं, धूर नाही, आणि बंद पडायच्या आधी रेस सोडली तरी ओरडतच राहतं. ही शेवटची खूण धरा. इंजिन कुठूनतरी हवा खातंय. माझा संशय क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याच्या, दोन्ही बाजूंना बसणाऱ्या रबरी ऑइल सीलवर आहे.

रोडकिंगसारख्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसच, म्हणजे क्रँकभोवतीची बंद पेटीच, पंपाचं काम करते. पिस्टन वर गेला की खाली ओढ तयार होते आणि कार्बुरेटरमधून पेट्रोल-हवा आत येते. सील कडक झालं असेल तर त्याच्या कडेनंही हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी, आणि पिस्टन तापतो. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला. मधे कुणी सील बदललं नसेल तर आतलं रबर त्याच काळातलं.

माझी गाडी मे महिन्यात दारव्ह्याहून यवतमाळला जाताना लाडखेडजवळ जाम झाली. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, काढला तर पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूनं उभ्या रेघा, नखाला अडकतील इतक्या खोल. गरम होते म्हणून मी पेट्रोलमध्ये ऑइल वाढवलं होतं. तसं तुम्ही करू नका. ऑइल वाढलं की जेटमधून तेवढं पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण आणखी पातळ होतं.

आता तपासणी. कार्बुरेटर आणि दोन्ही सायलेन्सर काढा. तिन्ही तोंडांवर ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे आणि पट्ट्या लावून घट्ट बंद करा. पिस्टन अगदी खाली आणा. जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून त्यात नळी बसवा आणि तो प्लग हेडमध्ये लावा. नळीला बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा आणि दाबाचं घड्याळ जोडा. काटा 300 वर न्या, म्हणजे साधारण 6 पीएसआय. कॉम्प्रेसर लावू नका, चांगलं सीलही उचकटेल. पाच-सहा मिनिटं काटा जागेवर राहिला तर सील ठीक.

काटा पडला तर आधी ब्लॉकच्या बुडाला आणि हेडला साबणाचं पाणी लावा. मग उजवीकडचा डायनामो काढून सीलभोवती लावा. तुमच्याकडे बुडबुडे तिथेच येतील असं वाटतं, कारण डावीकडचं, क्लचकडचं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर निघतो आणि ऑइल कमी होत जातं. तरी ऑइल भरायच्या तोंडाला कान लावून बुडबुड आवाज येतो का ऐका.

सील बदलण्याआधी क्रँकचं टोक धरून वर-खाली हलवून पाहा. हललं तर बेअरिंग गेलंय, नवं सीलही महिनाभरात खाईल. दोन्ही बाजूंची बेअरिंगं आणि सीलं एकदमच बदला.

काटा अजिबात पडला नाही, तरच ठिणगीच्या सर्किटमधल्या कंडेन्सरकडे वळा. रस्त्यात बंद पडली की तिथेच प्लग काढून ठिणगी पाहा. पिवळी, मरतुकडी असेल तर कंडेन्सर, निळी कडक असेल तर नाही.

आणि इंजिन नंबर आरसी बुकावर चढवून घ्या, विक्रेत्याची पावती जपा. काटा किती पडला आणि बुडबुडे कुठं आले ते लिहा, मग पुढचं सांगतो.