मुलींची मॉडर्न पेंटॅथ्लॉन बघण्यासारखी असते का?

प्रश्न: युवा स्पर्धेत मुलींची मॉडर्न पेंटॅथ्लॉन पाहिली. कोण पुढे, कोण मागे, काही कळलं नाही. हा खेळ बघण्यासारखा आहे का? मुलीला त्यात घालावं का?

उत्तर: बघण्यासारखा आहे, आणि मुलीला बिनधास्त घाला. एकाच स्पर्धेत पाच खेळ: तलवारबाजी, पोहणं, नेमबाजी, पळणं, आणि पाचवा पूर्वी घोडेस्वारी, आता अडथळ्यांची शर्यत. पण तुम्ही नेमकी माझ्या खपलीला नख लावलंत, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

आमचे भावोजी या खेळाला एकच म्हण लावतात: एक ना धड, भाराभर चिंध्या. भाची आधी नुसती पोहायची. चांगली पोहायची, पण पहिल्या तिघींत कधी आली नाही. तिच्या सरांनीच सुचवलं की पोर पळतेही बरी, हातही स्थिर आहे, पेंटॅथ्लॉनकडे वळवा. त्यावरून आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी चवथीला (गणेश चतुर्थीला) जे वाजलं, ते माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या छताखाली बसून वाजलं म्हणून आवाज बेताचा राहिला. "एकात पहिलं येता येत नाही म्हणून पाचांत शिरायचं," असं भावोजी म्हणाले. मी गप्प बसलो. घर बहिणीच्या दिराबिरांनी भरलेलं, बोलणार काय?

मग पुढच्या मे महिन्यात पणजीत युवा स्पर्धा. आपल्याकडे पाचही खेळ सहसा होत नाहीत, ट्रायथल होतं. म्हणजे नेम, पोहणं, पळणं, की पुन्हा नेम, अशा फेऱ्या. २०२३ मध्ये गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हाही याच घराण्यातले प्रकार होते: लेझर रन (पळणं आणि लेझर पिस्तुलाने नेम), बायथल (पळणं आणि पोहणं), ट्रायथल. सकाळी पातळ भाजी-पाव खाऊन आम्ही पोचलो तर वेळापत्रक दोन तास पुढे ढकललेलं. ऊन डोक्यावर, आणि भावोजींच्या हातात भाचीसाठी आणलेले नवेकोरे बूट. महागातले, लांब नाड्यांचे.

लेझर पिस्तुलाला आवाज नसतो, हे मला तिथे कळलं. दहा मीटरवर सहा सेंटिमीटरचं लक्ष्य, पाच दिवे हिरवे करायचे, त्याला ५० सेकंद. पाच लागले की सुटायचं, नाही लागले तर ५० सेकंद संपेपर्यंत तिथेच उभं राहायचं. दुरून बघणाऱ्याला वाटतं पोरी नुसत्या हात लांब करून उभ्या आहेत. जवळून बघा. भाचीच्या वेणीतून पाणी डोळ्यांत उतरत होतं, छाती भात्यासारखी हलत होती आणि पिस्तुलाचं टोक एकट्याने स्थिर राहायचा प्रयत्न करत होतं. शेजारच्या लेनमधली मुलगी तिच्या आधी आली होती, पण धापा टाकतच तिने धडाधड चाप ओढले. दोनच दिवे. आमची दोन श्वास थांबली. नंतर एक, दोन, तीन, चौथा हुकला, परत चौथा, पाच. ती सुटली तेव्हा शेजारीण अजून तिथेच.

आता बुटांचं. पहिल्या पोहण्यातून बाहेर आली, ओला पाय बुटात शिरेना, नाडी सुटेना. भावोजी कठड्यावरून ओरडतायत, "बूट घाल गो! बूट!" तिने एकदा वर बघितलं, बूट तिथेच टाकले आणि अनवाणी पळाली. तापलेल्या फरशीवरून. उरलेल्या सगळ्या फेऱ्या तशाच. तिसरी आली. पोहण्यात तिला कायम मागे टाकणारी एक मुलगी त्याच शर्यतीत आठवी. मी भावोजींकडे नुसतं बघितलं. ते म्हणाले, "पायाला फोड आले असतील बघ."

तर कोण पुढे हे कसं कळतं? ट्रायथलमध्ये समोर दिसतं. पूर्ण पेंटॅथ्लॉनमध्ये तलवारबाजीत प्रत्येकीची प्रत्येकीशी गाठ पडते, एका वाराची लढत. मिनिटभरात कुणालाच वार लागला नाही तर दोघीही हरल्या. सगळ्याचे गुण जमतात, आणि शेवटच्या लेझर रनला जी आघाडीवर तिला आधी सोडतात, बाकीच्या जितके गुण मागे तितक्या सेकंदांनी. त्यामुळे शेवटची रेघ जी आधी ओलांडेल ती जिंकली. बाकी काही कळलं नाही तरी तेवढा शेवट बघा.

भावोजींचं दुसरं कलम होतं घोडा. तेव्हा त्यांचं चुकत नव्हतं, हे मान्य. घोडा चिठ्ठीने मिळायचा, ओळखीला २० मिनिटं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये जर्मनीची आनिका श्लॉय पहिल्या नंबरावर होती, घोडा उडी मारेना, आणि ती ३१ वी आली. पण २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर घोडा गेला, त्याजागी अडथळ्यांची शर्यत आली. आणि हा "पोरींचा खेळ नव्हे" म्हणणाऱ्यांसाठी: पुरुष ऑलिम्पिकमध्ये १९१२ पासून खेळतायत, बायकांना २००० साली सिडनीत घेतलं. ८८ वर्षं दार बंद ठेवायचं आणि मग म्हणायचं बायका दिसत नाहीत.

एक सांगायचं राहिलं. पिस्तूल महाग असतं, तलवार शिकवणारे सर गावोगाव मिळत नाहीत, आणि पोहणं कच्चं असेल तर आधी तेच पक्कं करा. शाळेच्या अभ्यासाचं मात्र मला विचारू नका, बहीण आजही त्यावरून माझ्याशी नीट बोलत नाही.

आणि बुटांना नाडी नको. इलॅस्टिकच्या नाड्या मिळतात, पाय सरकवला की झालं. भावोजींना मी दोन जोड दिल्यात.