नणंदेचा ताप आधी, सोयरीक नंतर

"मावशी, आम्ही जिंतूर तालुक्यातले. माझ्या नवऱ्याला कोरोना झाला होता. कोविड सेंटरला राहून ते बरे होऊन घरी आले, त्याला तीन आठवडे झाले. तरी डेअरीवाला आमचं दूध घेत नाही. मी हापशावर गेले की बाया घागरी उचलून बाजूला होतात. नवरा घराबाहेर पडत नाही, कुणाशी बोलत नाही. आता नणंदेला चार दिवसांपासून ताप आहे, तोंडाची चव गेलीय. तिची सोयरीक ठरत आलीय म्हणून सासूबाई म्हणतात, कुणापाशी बोलायचं नाही, दवाखान्याचं नाव काढायचं नाही. मी काय करू?"

लेकी, आधी नणंदेचं बघ. आजच तिला आरोग्य केंद्रात ने आणि तपासणी करून घे. गावातल्या आशाताईंकडे ऑक्सिमीटर असेल, तो तिच्या बोटाला लावून बघ. आकडा ९४ च्या खाली गेला तर घरी थांबू नका. या आजारात बरं वाटतंय म्हणता म्हणता पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दुखणं अचानक बळावू शकतं, म्हणून चार दिवस निभावले यावर विसंबू नकोस. तोवर तिची झोपायची सोय वेगळी कर, खिडकी-दार उघडं ठेव, घरात सगळ्यांनी मास्क लावा. म्हाताऱ्या माणसांना तिच्या खोलीत निजू देऊ नकोस.

सासूबाईंवर मात्र चिडू नकोस, माय. त्या आजारापेक्षा हापशाला भितात. सुनेच्या घागरीचं काय झालं ते त्यांनी रोज पाहिलंय, तेच लेकीच्या वाट्याला यायला नको म्हणून ताप झाकून ठेवतायत. तुमच्या गावाला हे कळायला हवं. ज्या घराला वाळीत टाकलं ते घर पुढच्या वेळी सांगणार नाही, आणि शेजारची चार घरंही सांगणार नाहीत. मग झाकलेला ताप गिरणीवर दळणाला जाईल, किराणा दुकानात जाईल, साखरपुड्यात पंगतीला बसेल. सरपंचांशी, गावातल्या जाणत्या माणसांशी बोलशील तेव्हा आमच्यावर दया करा म्हणू नकोस, हे सांग. याचा संबंध त्यांच्या घराशीही आहे.

आपल्या भागाला साथी नव्या नाहीत. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण सापडले होते. त्याच्याही आधीच्या काळात प्लेग आला की अख्खं गाव घरं सोडून रानात खोप्या टाकून राहायचं. त्यात शहाणपण होतं, कारण प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून यायचा आणि उंदीर घरात असायचे. पण तेव्हा सगळे मिळून बाहेर पडायचे. आज एकाच घराला बाहेर काढतात, तेही माणूस बरा झाल्यावर, हे मला फार लागतं. कोरोना मुख्यतः श्वासातून, बंद खोलीतल्या हवेतून पसरतो. दुरावा ठेवायचा तो ठरावीक दिवसांपुरता. २०२१ च्या नियमाप्रमाणे साधं दुखणं असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला की विलगीकरण संपायचं, पुन्हा तपासणीचीही गरज नसायची. तुझ्या नवऱ्याचे ते दिवस कधीच सरले.

डेअरीवाल्याशी चारचौघांत वाद घालू नकोस. बहुतेक त्याला स्वतःला भीती नसते. बाकीचे दूधवाले 'त्यांचं घेतलंस तर आमचं घालणार नाही' म्हणतील, याची असते. डिस्चार्जचा कागद घे, आरोग्यसेविकेला सोबत घे आणि सकाळची गर्दी ओसरल्यावर जा. दुधातून हा आजार होत नाही, हे तिच्या तोंडून त्याला ऐकू दे. नंतर एका सकाळी सगळ्यांच्या देखत तिनेच कॅनपाशी उभं राहावं, अशी तिला विनंती कर. गावात कागदापेक्षा माणूस उभा राहिलेला दिसावा लागतो.

हापशावर नेहमीच्याच वेळी जा. कुणी नसताना, भर दुपारी चोरून जाऊ नकोस. मास्क लाव, अंतर ठेव. जिच्यासोबत खुरपायला जातेस अशी एखादी तरी असेल, तिच्या घरी जाऊन सांग, 'उद्या माझ्यासंगं पाण्याला चल.' सगळ्या गल्लीची समजूत काढत बसू नकोस, एकीला सोबत घे. २०२० साली कुणालाही फोन लावला की आधी ऐकू यायचं, लढा आजाराशी, आजारी माणसाशी नाही. ऐकून ऐकून कान किटले, पण हापशापर्यंत ते पोचलं नाही. तिथे एक बाई दुसरीशेजारी उभी राहिली तरच पोचेल.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्यात २०१६ चा कायदा आहे, मुख्यतः जातपंचायतींच्या जाचासाठी केलेला. तरी पहिल्या फटक्यात पोलिसांत जाऊ नकोस, तुला त्याच गल्लीत राहायचंय. ग्रामसेवकाच्या कानावर मात्र घालून ठेव.

सोयरिकीचं म्हणशील तर मुलाकडच्यांना सासऱ्यांनी आपणहून फोन करावा. 'पोरीला ताप आहे, तपासणी केलीय, बरी झाली की बैठक करू.' दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर ते फसवलं म्हणतील, आणि त्यांचं चुकणार नाही. एवढ्यावर ते मागे सरले तर सरू देत.

राहिला तुझा नवरा. त्याला बाहेर काढायचं काम उपदेशाने होणार नाही. आरोग्यसेविका डेअरीवर येईल त्या दिवशी कॅन त्याच्याच हाती दे. थकवा असेल तर जड काम एवढ्यात नको, पण रानात एक चक्कर मारू दे. रात्री झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात राम नाही असं काही बोलत असेल, तर नणंदेच्या तपासणीच्या वेळीच डॉक्टरांच्या कानावर घाल, त्यासाठी वेगळी वेळ शोधत बसू नकोस.

— तुझी मावशी