फी भरण्याआधी तुझाच ताजा कलम वाच

पत्र : मावशी, मी बार्शीत एका पतसंस्थेत नऊ वर्षं नोकरी करते. वय 32, मुलगा दुसरीत. बारावी सायन्स केलं, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला लग्न झालं आणि शिक्षण तिथेच राहिलं. आता ऑनलाइन बीसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदवी, करून आयटीत जावं असं वाटतंय. ऑफिसात सॉफ्टवेअर अडकलं की सगळे मलाच हाक मारतात. एका ॲपवाल्यांचा मुलगा रोज फोन करतो, 'मॅडम, महिना फक्त 4 हजार, 36 हप्ते, सवलत आज रात्रीपर्यंतच.' पगार 14 हजार आहे. पुण्याची नणंद म्हणते, डिग्री कोण विचारतं, कोर्स कर. हे म्हणतात, तुला वाटतं ते कर. काय करू?
ता. क. शाखाधिकाऱ्याच्या जागेसाठी यंदाही माझा अर्ज घेतला नाही, पदवी नाही म्हणून. ज्याला घेतलं, त्याला डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करायला मीच शिकवलं होतं.

अगं, तुझं पत्र मी खालून वर वाचायला हवं होतं. वर आयटी आहे, पण पोटातलं दुखणं ता. क. मध्ये आहे.

म्हणून आधी एक विचारते. उद्या तुला शाखाधिकारी केलं, तर बीसीए करायची इच्छा राहील का? राहणार नसेल, तर तुला पदवी हवी आहे, आयटी नव्हे. मग नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीकॉम कर. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं हे विद्यापीठ 1989 साली निघालं, ते शिक्षण अर्धवट सुटलेल्या तुझ्यासारख्यांसाठीच. लाखाच्या पुढे खर्च करायची गरजच नाही.

पण तरीही राहील असं वाटत असेल, आणि माझा अंदाज तसाच आहे, तर पुढे वाच.

घरी बसून केलेली पदवी खरी का, हा प्रश्न तुझ्या ऑफिसात कुणीतरी काढणारच. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2020च्या नियमांनुसार मान्यता असलेली ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात. सगळी मेख 'मान्यता असलेली' या शब्दांत आहे. मान्यता त्या विद्यापीठाला, त्या अभ्यासक्रमाला आणि त्या सत्रासाठी असावी लागते. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर ही यादी असते, ती स्वतः उघडून बघ. प्रवेशासाठी आता डीईबी आयडीही लागतो. तो तूच काढ, त्या मुलाला ओटीपी सांगू नकोस. आणि बीई-बीटेक ऑनलाइन करून देतो असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून दे, कारण इंजिनीअरिंगला ही वाट बंदच आहे. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय पत्राद्वारे वाटलेल्या इंजिनीअरिंगच्या पदव्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अडवल्या, आणि नोकरीत मुरलेल्या माणसांना पुन्हा परीक्षेला बसावं लागलं.

त्या मुलावर मी रागावत नाही, त्यालाही टार्गेट असणार. पण पदवी ॲप देत नाही, विद्यापीठ देतं. विद्यापीठांनी असे अभ्यासक्रम कंपन्यांना फ्रँचायझीवर चालवायला देऊ नयेत, असं यूजीसीने 2022 मध्ये बजावलेलं आहे. तेव्हा त्याला विद्यापीठाचं नाव विचार, आणि फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरता येईल का ते विचार. घाई तर अजिबात करू नकोस. रात्रीत सीट जाते ती एसटीतली. या अभ्यासक्रमांचे प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जानेवारीच्या आणि जुलैच्या सुमारास. 14 हजारांतून महिना 4 हजार, तेही तीन वर्षं, हे तर मला पटतच नाही. पतसंस्थेत बसून तू हप्ते थकलेल्यांना नोटिसा काढतेस, तुला मी काय सांगू! इग्नूची, म्हणजे केंद्राच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची, बीसीए बघ, तिचा हिशेब पुष्कळ हलका आहे.

नणंद अर्धी बरोबर आहे. मुलाखतीत काम येतं का तेच बघतात, पण अर्जाच्या पहिल्या चाळणीत पदवीचा रकाना रिकामा असला तर मुलाखतीपर्यंत पोचतं कोण? आणखी एक, कडू आहे पण सांगते. बीसीए होईल तेव्हा तू 35 ची असशील आणि रांगेत शेजारी बावीस वर्षांची पोरं असतील. कोडिंगच्या वेगात त्यांच्याशी भिडू नकोस. त्यांना डे-बुक म्हणजे काय, मुदत ठेव मोडली की व्याजाचं काय होतं, थकलेलं कर्ज एनपीएत कसं धरतात, यातलं काही ठाऊक नसतं. पतसंस्थांना आणि सहकारी बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांना सपोर्टसाठी, टेस्टिंगसाठी, नव्या शाखेत सिस्टीम बसवून देण्यासाठी हे कळणारी माणसं लागतात. तुमच्याकडे सपोर्टला येतो ना कुणी, त्याला चहा पाज आणि त्यांच्याकडे माणसं कशी घेतात ते विचार. माझ्या सल्ल्यापेक्षा त्या अर्ध्या तासात तुला जास्त कळेल.

पैसे भरण्याआधी चार आठवडे रोज पहाटे तासभर 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा पायथनचा, म्हणजे कोडिंगच्या एका भाषेचा, एखादा कोर्स करून बघ. शिकायला पैसे नाहीत, परीक्षा दिली तरच फी. पाचव्या आठवड्यात अलार्म बंद करून झोपावंसं वाटलं, तर दीड लाख वाचले. आणि एरर का येतेय हे भाकरी थापतानाही डोक्यात फिरत राहिलं, तर फॉर्म भर.

राहता राहिले तुझे 'हे'. 'तुला वाटतं ते कर' हा होकार नव्हे गं. परीक्षेच्या दिवसांत मुलाचा डबा कोण करणार, शाळेतून त्याला कोण आणणार, ते नाव आणि वारासकट विचारून घे.

– मावशी