वाचक विचारतात : सरकी, करवत आणि गुलामगिरी

प्रश्न : यंत्र आलं की मजूर कमी लागतात. मग अमेरिकेत कापसाचं जिन आल्यावर गुलाम वाढले कसे?
– एक वाचक, बैलहोंगल

उत्तर : जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. त्याने माणसं वाचवली ती फक्त सरकी काढण्याच्या कामातली. तिथल्या किनारपट्टीवर लांब धाग्याचा कापूस होई. त्याची सरकी काळी, गुळगुळीत. रेच्याच्या, म्हणजे सरकी काढायच्या जुन्या हातयंत्राच्या, दोन लाटांमधून रुई सहज सुटे. आतल्या मुलखात मात्र आखूड धाग्याचाच कापूस पिके, आणि त्याच्या हिरव्या सरकीला रुई इतकी घट्ट चिकटलेली असे की हाताने दिवसाला जेमतेम पौंडभर निघे. जमीन पडून होती, ती या अडचणीपायी.

१७९३ मध्ये एली व्हिटनीने लाकडी रुळावर तारेचे दात बसवले. दात अरुंद फटींतून रुई ओढून नेत. सरकी फटीत मावत नसल्याने अलीकडेच राही. मागचा ब्रश दातांवरची रुई झाडून काढी. तो ब्रश नसता तर दात भरून यंत्र घडीभरात अडकलं असतं. हाताने फिरवायच्या लहान जिनवरही दिवसाला सुमारे ५० पौंड रुई निघू लागली.

पण नांगरट, खुरपणी, वेचणी हातानेच होती. वेचणीची यंत्रं शेतांवर रुळली ती थेट विसाव्या शतकाच्या मध्याला. सरकीचा अडसर गेल्याबरोबर जमीनदारांनी जॉर्जियापासून मिसिसिपीपर्यंत कापूस लावला आणि तेवढे हात जबरदस्तीने आणले. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणायला बंदी होती, म्हणून व्हर्जिनिया-मेरीलँडकडची माणसं घरादारापासून तोडून दक्षिणेला विकली गेली. १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळपास ४० लाख. या आकड्यांचा दोष लोखंडाला देऊ नये. माणूस विकत घेण्याची मुभा कायद्यानेच दिली होती.

व्हिटनीला मात्र जिनमधून फारसं मिळालं नाही. यंत्र विकण्याऐवजी सरकी काढून द्यायची आणि मोबदल्यात दोन-पंचमांश कापूस घ्यायचा, असा त्याचा बेत होता. शेतकऱ्यांना तो दर जाचक वाटला, आणि यंत्र सोपं असल्याने गावोगावच्या कारागिरांनी नकला केल्या.

प्रश्न : ‘धारवाड-अमेरिकन’ कापूस म्हणजे हाच का?
– एक वाचक, गोकाक

उत्तर : होय, आखूड धाग्याच्या त्याच अमेरिकन जातीचा. १८४० च्या दशकात कंपनी सरकारने अमेरिकन बी आणि अमेरिकेतले जाणकार इकडे आणले. हुबळीजवळ कुसुगलला प्रयोगाचं शेत होतं. धारवाडच्या काळ्या रानात हे बी टिकलं. त्याला करवतीचं जिन (व्हिटनीच्या तारेच्या दातांच्या जागी करवतीसारख्या दातेरी चकत्या असलेलं) मानवलं, कारण सरकी लवेची. आपल्या देशी ‘कुमठा’ कापसाचा धागा मात्र करवतीत तुटे. त्याला रेचाच बरा. (कुमठा हे नाव तो ज्या बंदरातून जाई त्यावरून पडलं.) करवतीचा वेग जास्त झाला किंवा कापूस ओला असला तर अमेरिकन रुईचीही गत तीच : धागा तुटतो, गुठळ्या होतात, भाव पडतो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या भारताच्या कापसाकडे वळल्या. भाव चढले, तशी भेसळही वाढली. देशी आणि अमेरिकन रुई एकाच गाठीत जाऊ लागली. त्यावर मुंबई सरकारने १८६३ मध्ये कायदा केला. बेळगाव-धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच असल्याने तो इथेही लागू झाला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले.